शेऱ्याचा रकाना : औद्योगिक कामगाराची विदासाक्षरता आणि सिद्धतेची कल्पना

१

औद्योगिक कामगारांविषयी अलीकडच्या काळात जे धोरणविषयक वाङ्मय निर्माण झाले आहे, त्यात ‘सिद्धता’ ही कल्पना मध्यवर्ती होऊन बसली आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता कारखान्यात येत आहे. तिला सामोरे जावयास कामगार सिद्ध आहे काय, हा प्रश्न या वाङ्मयात पुनःपुन्हा विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा नकारार्थी दिले जाते. या नकारामागे काही तथ्य नाही असे नाही. परंतु कोणत्याही प्रश्नाच्या उत्तराइतकीच त्याची मांडणीही परीक्षणास पात्र असते. सिद्धता कोणी मोजावयाची, कोणत्या मापाने मोजावयाची आणि जे मापात बसत नाही त्याचे काय करावयाचे, याचा विचार न करता दिलेले उत्तर हे उत्तर नसून केवळ अभिप्राय होय. म्हणून या वाङ्मयाकडे वाङ्मय म्हणूनच पाहणे, म्हणजे त्यात कर्ता कोण, कर्म कोण आणि मौन कोणाचे हे तपासणे, उचित ठरेल.

उदाहरणादाखल दोन ग्रंथ घेता येतील. पहिला म्हणजे नीती आयोगाने जून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय धोरणाचा चर्चामसुदा. दुसरा म्हणजे जागतिक आर्थिक मंचाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला रोजगाराच्या भवितव्याविषयीचा अहवाल. पहिल्याने देशाचे धोरण आखण्याचा प्रारंभ केला. दुसऱ्यातील आकडे व्याख्यानांतून, अग्रलेखांतून आणि प्रबंधांच्या प्रस्तावनांतून सर्वत्र उद्धृत होत आले आहेत.

नीती आयोगाच्या मसुद्याची मोठी गुणवत्ता अशी की, त्याने देशातील उणिवा झाकल्या नाहीत. संशोधनाची वाण, तज्ज्ञांची टंचाई आणि उपयोगी विदेचा अभाव ही त्याने मोकळेपणाने मान्य केली. तथापि या धोरणाने ज्या पाच क्षेत्रांवर भर दिला, ती आरोग्य, शेती, शिक्षण, नगररचना व पायाभूत सुविधा आणि वाहतूक ही होत. समाजाच्या गरजा भागविण्यास ज्या क्षेत्रांचा सर्वाधिक उपयोग होईल, ती निवडण्यात आली. कारखानदारी आणि ऊर्जा यांचा उल्लेख आरंभीच्या सर्वेक्षणात थोडक्यात येतो आणि मग ती दोन्ही मागे पडतात. याचा परिणाम असा झाला की, कामगाराविषयीचे प्रकरण कारखान्यापासून तुटले. त्यात कामगार येतो तो दोन रूपांत : ज्याला नवे कौशल्य शिकवावयाचे आहे असा विद्यार्थी म्हणून, किंवा विदेवर खुणा करून ती यंत्रांना पुरविणाऱ्या नव्या सेवाव्यवसायातील मजूर म्हणून. परंतु जो कामगार आजच, स्वतःच्या नित्याच्या कामात, विदा निर्माण करीत आहे, त्याला त्या पृष्ठांवर जागा मिळालेली नाही. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेस मान्यता दिली. तिच्या कौशल्यविषयक अंगातही भर आहे तो पदवी, पदव्युत्तर व संशोधनपर शिक्षणावर आणि लहान शहरांतील विदा-प्रयोगशाळांवर. कारखान्यातील चालू पाळीवर नाही.

जागतिक आर्थिक मंचाच्या अहवालाचा दोष निराळा आहे. तो एक हजाराहून अधिक नियोक्त्यांच्या उत्तरांवर उभा आहे. त्यांपैकी ६३ टक्के नियोक्त्यांना कौशल्यातील तूट हा परिवर्तनाच्या मार्गातील मुख्य अडथळा वाटतो. २०३० पर्यंत कामगारांच्या मूलभूत कौशल्यांपैकी ३९ टक्के कौशल्ये बदलतील, अशी त्यांची अपेक्षा आहे. हे आकडे खोटे नाहीत. पण ते कशाचे आकडे आहेत हे विसरले जाते. ते कामगारांच्या कौशल्याचे मोजमाप नसून नियोक्त्यांच्या मताचे मोजमाप आहे. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिका लिहावयाच्या आधीच परीक्षकाला निकाल विचारावा, तसे हे झाले. जो अहवाल विदासाक्षरतेची आवश्यकता सांगतो, त्याचे वाचन मात्र विदासाक्षरतेच्या अभावानेच होते, ही यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

२

अशा वाङ्मयाची खरी कसोटी ग्रंथालयात लागत नाही. ती लागते प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात वसलेले खापरखेडा हे या दृष्टीने विचारात घेण्यासारखे स्थळ आहे. येथे १९५० नंतरच्या दशकात लहान संचांचे औष्णिक वीजकेंद्र होते. आजच्या केंद्राचा पहिला संच १९८९ मध्ये सुरू झाला. प्रत्येकी २१० मेगावॅटचे चार आणि २०११-१२ च्या सुमारास आलेला ५०० मेगावॅटचा पाचवा, असे मिळून १३४० मेगावॅटचे हे केंद्र झाले. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन झाल्यावर ते महानिर्मिती कंपनीकडे आले. जवळ सिल्लेवाडा आणि वलनी या कोळशाच्या खाणी, पलीकडे वारेगावचा राखेचा बंधारा आणि शेजारी कोराडीचे दुसरे मोठे केंद्र, असा हा सारा परिसर कोळसा, पाणी, वाफ आणि राख यांच्या व्यवहारावर जगतो.

वीजनिर्मितीला कारखानदारी म्हणावे काय, अशी शंका कोणी घेईल. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ‘उत्पादनप्रक्रिया’ या संज्ञेच्या व्याख्येतच शक्तीची निर्मिती, रूपांतर आणि वहन यांचा समावेश केला होता. शिवाय येथील उत्पादन साठविता येत नाही. जे निर्माण होते ते त्याच क्षणी वापरले जाते, आणि म्हणून येथे मालाऐवजी मालाविषयीचा आकडाच क्षणोक्षणी तपासला जातो. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते. जाळ्यातील वारंवारता सेकंदाला ५० आवर्तनांच्या जवळ राखावी लागते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात किती वीज द्यावयाची याचे वेळापत्रक भारप्रेषण केंद्राकडून येते. नियंत्रण कक्षातील कामगार या आकड्यांच्या संगतीतच आपली पाळी काढतो. ज्याला आकड्यांची ओळखच नाही असा ‘असिद्ध’ कामगार येथे शोधू गेल्यास तो सापडावयाचा नाही.

वीजकेंद्रातील नोंदवहीची रचना सर्वत्र साधारण सारखीच असते. एका बाजूस तास, मग दाब, तापमान, कंपन, पाण्याची पातळी यांचे रकाने आणि शेवटी एक अरुंद रकाना : ‘शेरा’. आकड्यांच्या रकान्यांत जे मावत नाही ते शेऱ्यात लिहावयाचे असते. पावसाळ्यात ओला कोळसा बंकरच्या तोंडाशी अडकतो. कोळसा दळणाऱ्या गिरणीतून वेगळा ठोका ऐकू येतो. बॉयलरच्या भिंतीशी बारीक फुत्कार येतो आणि त्याच वेळी वरून घालावयाचे पाणी जरासे वाढलेले असते. नळी फुटण्याची ही पहिली चाहूल कित्येकदा आकडा धोक्याची रेषा ओलांडण्यापूर्वी कानाला कळते. पुढच्या पाळीचा माणूस आला की, जाणारा त्याला हे तोंडी सांगतो आणि वेळ असला तर शेऱ्यातही लिहितो. विदासाक्षरतेचा विचार करावयाचा तर तो या शेऱ्याच्या रकान्यापासून करावयास हवा.

३

येथे शब्दांचा थोडा विचार आवश्यक आहे. ‘डेटा’ हा शब्द मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ ‘दिलेल्या गोष्टी’ असा होतो. मराठीत संख्याशास्त्राच्या पुस्तकांतून आलेली ‘दत्तसामग्री’ ही संज्ञा त्याच अर्थाचे रूपांतर आहे. संगणकाच्या क्षेत्रात आता ‘विदा’ हा सुटसुटीत शब्द रूढ होत आहे. परंतु कारखान्यातील मराठी माणूस यांपैकी एकही शब्द वापरीत नाही. तो म्हणतो, ‘रीडिंग घेतले’. हा भेद केवळ बोलीचा नाही. पंडिताच्या भाषेत आकडा दिलेला असतो. कामगाराच्या भाषेत तो घेतलेला असतो. जे दिलेले आहे ते स्वीकारावयाचे असते. जे घेतले आहे त्याविषयी मात्र कोणी घेतले, केव्हा घेतले, कशाने घेतले आणि घेताना हात कापला काय, हे विचारता येते. विदासाक्षरतेचे सारे मर्म या एका क्रियापदात साठलेले आहे.

वऱ्हाड-नागपूरकडील शेतकरी कुटुंबांतून आलेल्या कामगाराला हे मर्म शिकवावे लागत नाही. पिकाची पैसेवारी हा आकडा त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा आहे. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर सरकारी सवलती अवलंबून राहत आल्या. आणि तो आकडा कोणत्या शेतात, कोणाच्या नजरेने, कोणत्या दिवशी काढला गेला यावर गावोगाव वाद होत आले. आकडा आभाळातून पडत नाही, तो माणसे तयार करतात, आणि त्याच्या बाजूने वा विरुद्ध कोणाचे तरी हित असते, हे ज्ञान ज्याला आहे त्याला आकड्यांच्या बाबतीत निरक्षर म्हणणे धाडसाचे आहे. त्याच्यापाशी जे नाही ते वेगळे आहे : आकड्यावरील शंका आकड्यांच्याच भाषेत मांडण्याचे साधन, आणि ती मांडण्याचा अधिकार.

४

हे स्पष्ट होण्यासाठी वीजकेंद्रातील एकाच आकड्याचा प्रवास पाहणे उपयुक्त ठरेल. कोळशाची गाडी येते तेव्हा तीत अठ्ठावन्न-एकोणसाठ डबे आणि सुमारे चार हजार टन कोळसा असतो. त्यातून ठरलेल्या रीतीने नमुने काढले जातात, ते फोडले जातात, पुनःपुन्हा विभागले जातात, बारीक दळले जातात आणि शेवटी प्रयोगशाळेतील उष्मांकमापकात साधारण एक ग्रॅम भुकटी जळते. त्या एका ग्रॅमच्या उष्णतेवरून चार हजार टनांचा उष्मांक ठरतो. खाणीकडून देयकात येणारा उष्मांक, केंद्रात पोहोचलेल्या कोळशाचा उष्मांक आणि प्रत्यक्ष भट्टीत गेलेल्या कोळशाचा उष्मांक हे तीन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. यावरून कोळसा कंपन्या, वीज कंपन्या आणि नियामक आयोग यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालत आला आणि त्रयस्थ संस्थेकडून नमुने तपासून घेण्याची व्यवस्था करावी लागली.

आता थोडे गणित. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. समजा, एका २१० मेगावॅटच्या जुन्या संचात युनिटमागे ०.७० किलो कोळसा लागला आणि त्याचा उष्मांक ३५०० किलोकॅलरी नोंदला गेला; तर एका युनिटसाठी २४५० किलोकॅलरी खर्च झाल्या आणि संचाची कार्यक्षमता सुमारे ३५ टक्के आली. हे उत्तर विश्वसनीय वाटते. परंतु नमुना चुकला आणि उष्मांक ३००० नोंदला गेला, तर खर्च २१०० किलोकॅलरी आणि कार्यक्षमता ४१ टक्के निघते. एवढी कार्यक्षमता आधुनिक, अत्युच्च दाबाच्या संचाला शोभेल. तीन दशकांपूर्वीच्या संचाला ती अशक्य आहे. ज्याने तो संच वर्षानुवर्षे चालविला आहे तो हा आकडा पाहून हसेल. गणकयंत्र हसणार नाही. ते गुणाकार करून मोकळे होईल. आणि या दोन आकड्यांमध्ये, म्हणजे ३२०० सारख्या टप्प्यावर, हसण्याइतकी ढळढळीत चूक दिसत नाही, तेथे संशय घेण्यास अनुभवाबरोबर थोडे संख्याशास्त्रही लागते. नमुन्याची विखुरण म्हणजे काय, एका मापनाला किती किंमत द्यावी, सरासरी कशी फसविते, एवढे जर त्या कामगाराला शिकविले तर त्याचे हसणे युक्तिवादात परिणत होते. विदासाक्षरतेचे शिक्षण म्हणावयाचे ते याला.

या आकड्याचा प्रवास येथेच संपत नाही. उष्मांकावरून संचाचा उष्णताखर्च ठरतो. नियामक आयोगाने ठरविलेल्या प्रमाणापेक्षा तो अधिक असला तर ती तूट ग्राहकाकडून वसूल करता येत नाही. कोळशाचा भाव आणि उष्णताखर्च यांवरून युनिटचा बदलता खर्च निघतो. त्या खर्चाच्या क्रमाने राज्यातील संचांची उतरंड लागते. उतरंडीत खाली गेलेल्या संचाला मागणी मंदावताच भार कमी करण्यास किंवा बंद राहण्यास सांगितले जाते. आणि संच बंद राहिला की कोळसा व राख हाताळणाऱ्या कंत्राटी मजुराच्या कामाच्या दिवसांवर त्याची छाया पडते. एका ग्रॅम भुकटीचा निकाल अशा रीतीने माणसाच्या चुलीपर्यंत पोहोचतो. ज्याच्या चुलीपर्यंत तो पोहोचतो, त्याला तो आकडा कसा तयार झाला हे विचारण्याचा मार्ग नसावा आणि तरीही असिद्धतेचा ठपका त्याच्यावरच यावा, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

५

या विवेचनावर एक आक्षेप सहज संभवतो, आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. कामगाराच्या नोंदवहीला एवढी प्रतिष्ठा द्यावयाची, तर ती नोंदवही प्रामाणिक असते काय? उद्योगांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे ठाऊक आहे की, तास भरण्यापूर्वीच रकाना भरला जातो. चार तासांच्या नोंदी एकाच बैठकीत होतात. मागच्या पाळीचा आकडा थोडा इकडे-तिकडे करून उतरविला जातो. अशा नोंदींवर शिकविलेले यंत्र खोटेपणाच शिकेल. म्हणूनच माणसाची नोंद बाजूस सारून संवेदकांकडून थेट विदा घ्यावी, असा युक्तिवाद केला जातो.

हा आक्षेप खरा आहे. पण तो अर्धाच खरा आहे. खोटी नोंद दोन कारणांनी होते. पहिले कारण, लिहिलेले कोणी वाचत नाही. दुसरे कारण, जे वाचले जाते ते शिक्षा करण्यासाठीच वाचले जाते. रेषेबाहेरचा आकडा लिहिला की स्पष्टीकरण मागितले जाते. रेषेच्या आतला लिहिला की सर्व शांत. अशा व्यवस्थेत कामगार निरक्षर असतो म्हणून खोटे लिहीत नाही. आकड्याचा वाचक कोण आणि तो कशासाठी वाचतो, हे त्याने अचूक ओळखलेले असते म्हणून लिहितो. ही विपरीत का होईना, पण साक्षरताच होय. तिचा उपाय संवेदक नव्हे, तर विश्वास होय. शिवाय संवेदकही निर्दोष नसतो. तापयुग्म जुने होते आणि हळूहळू सरकते. दाबमापकाची नळी तुंबते. आणि बिघडलेला संवेदक सर्वांत स्थिर, म्हणून सर्वांत विश्वसनीय दिसणारा आकडा देतो. त्याचे असत्य पकडावयास पुन्हा माणूसच लागतो.

१९७९ च्या २८ मार्च रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात जे घडले, ते या संदर्भात ध्यानात ठेवावे असे आहे. तेथे दाब सोडणारी एक झडप उघडी अडकून राहिली होती. फलकावरील दिवा मात्र ती बंद झाल्याचे सुचवीत होता. वस्तुतः तो दिवा झडपेची स्थिती दाखवीतच नव्हता. झडप बंद करण्याचा संकेत दिला गेला आहे, एवढेच तो दाखवीत होता. आज्ञा आणि आज्ञापालन यांतील हा भेद दोन तासांहून अधिक काळ उलगडला नाही आणि अणुभट्टीच्या गर्भाचा मोठा भाग वितळला. तेथील माणसांना दिवा वाचता येत होता. दिवा कशाचा आहे हे वाचता आले नाही. आकडा वाचणे आणि आकडा कशाचा आहे हे वाचणे, या दोन साक्षरतांत जे अंतर आहे ते किती महागात पडते, याचे हे उदाहरण आहे.

देशातील एक उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक दारुण आहे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहार येथील औष्णिक केंद्राच्या ५०० मेगावॅटच्या संचात बॉयलरचा स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भट्टीच्या तळाशी राख साचली होती आणि ती काढण्याचे प्रयत्न चालू होते. त्या दुर्घटनेच्या सर्व कारणांचा शोध घेण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु एक गोष्ट औद्योगिक कामगाराचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने मनाशी धरावी : वीजकेंद्रात राखेच्या सर्वांत जवळ जो उभा असतो, तो बहुधा कंत्राटी मजूर असतो, आणि नोंदवहीपासून सर्वांत दूर जो असतो, तोही तोच. त्याच्यासाठी शेऱ्याचा रकानाच नाही. सिद्धतेची जी योजना नियंत्रण कक्षाच्या काचेपाशी थांबते, ती धोक्याच्या अलीकडेच थांबते.

६

या प्रश्नाचा विचार पूर्वी कोणी केला नाही असे नाही. लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये ‘ऑटोमॅटिका’ या नियतकालिकात स्वयंचलनातील विरोधाभासांवर एक लहानसा निबंध लिहिला. यंत्राला जे जमत नाही ते माणसाकडे सोपविले जाते. नित्याचा सराव यंत्र घेते आणि अनपेक्षित संकट तेवढे माणसासाठी राखून ठेवले जाते. मात्र सरावाशिवाय संकट हाताळण्याची पात्रता टिकत नाही, हा त्यांचा मुद्दा आज चार दशकांनंतरही ताजा आहे. शोशाना झुबॉफ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कागदाच्या लगद्याच्या गिरण्यांचा अभ्यास केला. लगदा हाताने चाचपून, वासाने ओळखून काम करणारे कामगार काचेच्या खोलीत पडद्यासमोर बसविले गेले तेव्हा त्यांचे ज्ञान कसे बदलले, हे त्यांनी दाखविले. यंत्र केवळ श्रम करीत नाही, ते श्रमाविषयी माहितीही निर्माण करते. त्या माहितीचा अर्थ लावण्याचा अधिकार कामगाराला दिला तर कारखान्यातील सत्तेची जुनी विभागणी टिकत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होय.

या दोन विदुषींच्या लेखनाशी तुलना केली असता आरंभी उल्लेखिलेल्या दोन ग्रंथांची मर्यादा नेमकी कळून येते. त्या ग्रंथांनी सिद्धतेला कौशल्याचा प्रश्न मानले; बेनब्रिज आणि झुबॉफ यांनी तो अधिकाराचाही प्रश्न आहे हे ओळखले होते. कौशल्य शिकविता येते, त्याचे प्रमाणपत्र देता येते, त्याची टक्केवारी प्रसिद्ध करता येते. अधिकाराचे तसे नाही. ‘हा आकडा मला पटत नाही’ असे लिहून खाली सही करता येणे, आणि तसे लिहिल्याबद्दल दंड न होता तपासणी होणे, ही गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमात बसत नाही. आणि तिच्यावाचून कोणताही अभ्यासक्रम फलद्रूप होत नाही.

तथापि बेनब्रिज आणि झुबॉफ यांच्या विवेचनातही एक उणीव राहते, आणि ती येथील परिस्थितीतच दिसू शकते. त्यांनी अभ्यासिलेल्या ठिकाणी कामगाराची बोली आणि नोंदवहीची भाषा एकच होती. खापरखेड्यासारख्या ठिकाणी कामगार विचार करतो मराठीत, कंत्राटी सहकाऱ्याशी बोलतो मराठीत वा हिंदीत, आणि लिहितो त्रोटक इंग्रजीत. आकड्यांना हा भाषांतराचा दंड भरावा लागत नाही. शेऱ्याला भरावा लागतो. ‘ठोका’, ‘खरखर’, ‘घरघर’, ‘फुत्कार’ हे आवाज मराठीत वेगवेगळे आहेत. इंग्रजी शेऱ्यात त्या सर्वांचे मिळून ‘अबनॉर्मल साउंड’ होते. निदानाच्या दृष्टीने जो भेद मोलाचा, तोच भाषांतरात गळून पडतो. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन करून परिभाषेचे मोठे कार्य हाती घेतले. पण ते कार्य मुख्यतः कार्यालय आणि महाविद्यालय यांच्यासाठी झाले. कारखान्याच्या तळमजल्यावर जी परिभाषा आपोआप घडली तिचा कोश कोणी केला नाही.

ही उणीव आता केवळ भाषाप्रेमाचा विषय राहिलेली नाही. यंत्राच्या प्रकृतीचे भाकीत करणाऱ्या प्रणाली आजवर मुख्यतः आकड्यांच्या रकान्यांवर पोसल्या गेल्या; शेरा त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी होता. भाषेची उकल करणाऱ्या नव्या प्रणालींनी ही स्थिती पालटली आहे. लिहिलेला शेरा यंत्राला वाचता येऊ लागला आहे, आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’सारख्या उपक्रमांमुळे भारतीय भाषांनाही त्यात वाट मिळू लागली आहे. म्हणजे ज्या रकान्याकडे आजवर कोणी पाहिले नाही, तोच यापुढे सर्वांत मूल्यवान ठरण्याचा संभव आहे. परंतु जो शेरा लिहिलाच गेला नाही तो कोणतेही यंत्र वाचू शकत नाही.

७

सिद्धतेची कल्पना टाकून द्यावी असे या टीकेचे म्हणणे नाही. तिची मोजपट्टी बदलावी एवढेच आहे. आज कामगाराला विचारले जाते ते असे : अमुक साधन चालविता येते काय? त्याऐवजी तीन प्रश्न विचारावयास हवेत. समोरचा आकडा कोठे, कशाने आणि कोणत्या हेतूने घेतला गेला, हे त्याला सांगता येते काय? त्या आकड्याविषयीची शंका त्याला आपल्या भाषेत लिहिता येते काय? आणि ती लिहिल्यावर तिला ठरावीक मुदतीत उत्तर मिळते काय? पहिला प्रश्न शिक्षणाचा आहे, दुसरा भाषेचा आहे आणि तिसरा व्यवस्थापनाचा आहे. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल तर असिद्ध कामगार नसून कारखाना असतो.

या मोजपट्टीने पाहिल्यास प्रशिक्षणाचे स्वरूपही पालटते. वीजकेंद्रांतील कर्मचाऱ्यांसाठी कोराडीला प्रशिक्षण केंद्र आहे. नागपुरातच राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेचे केंद्र आहे. विद्यापीठाचे संख्याशास्त्र आणि मराठी हे दोन्ही विभाग तेथून फार दूर नाहीत. प्रशिक्षणाचा आरंभ संगणकापासून करण्याचे कारण नाही. तो त्याच केंद्रातील मागील वर्षाच्या नोंदवहीपासून करता येईल : एखाद्या बिघाडापूर्वीच्या सात दिवसांतील आकडे आणि शेरे समोर ठेवून, कोणत्या रकान्याने काय सांगितले आणि काय लपविले हे कामगारांनीच शोधावे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून जिवंत उदाहरणे मिळतील. मराठीच्या विद्यार्थ्याला यंत्रांच्या आवाजांचा आणि बिघाडांचा असा शब्दसंग्रह मिळेल, जो अद्याप कोणत्याही कोशात नाही. पाळी सोपविताना होणारे तोंडी निवेदन हा अभ्यासयोग्य गद्यप्रकार आहे, हे एकदा मान्य केले की या दोन विभागांमधील भिंतही पातळ होईल.

हे काम निवांतपणे करण्यासारखे नाही. १९८९ नंतरच्या पहिल्या संचांवर तरुणपणी रुजू झालेली पिढी निवृत्त होत आहे. संच जुने झाले की त्यांचे संवेदक बदलता येतात, फलक बदलता येतात, सारी नियंत्रणव्यवस्थाही बदलता येते. परंतु कोणत्या ऋतूत कोणती गिरणी कशी वागते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांचे ज्ञान आकड्यांच्या रकान्यांत कधीच उतरले नव्हते. ते शेऱ्यात उतरले असते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सिद्धतेविषयीचे वाङ्मय ज्या कामगाराला रिकामी पाटी समजते, त्याच्या पाटीवर बरेच काही लिहिलेले आहे; ते वाचणाराच आजवर आला नाही. धोरणकर्त्यांनी आणि विद्यापीठांनी ते वाचण्याची पात्रता स्वतःत आणली, तर सिद्धतेच्या प्रश्नाला सन्मानाने उत्तर देता येईल. अन्यथा दुसऱ्याची असिद्धता मोजण्यातच ही पिढी निघून जाईल आणि तिच्यामागे अचूक आकड्यांनी भरलेल्या, पण शेऱ्याचा रकाना कोरा असलेल्या नोंदवह्या तेवढ्या उरतील.